फिरत्या बिऱ्हाडाचा गालिचा

मंगलकार्य निघालें म्हणजे माळ्यावरचें जाजम खालीं येतें. पाहुण्यांसाठीं दिवाणखान्यांत गालिचा पसरला जातो. आणि घोड्यावरून प्रवास करण्याचे दिवस जाऊन पुष्कळ काळ लोटला, तरी खोगीरभरती आमच्या बोलण्यांतून अद्याप गेलेली नाहीं. जाजम, गालिचा, खोगीर आणि जुन्या माणसांच्या तोंडची खुर्जी हे शब्द आम्ही घरचेच समजून वापरतों. परंतु त्यांचें माहेर फारशी भाषेंत आहे. फारशींत 'काली' म्हणजे गांठींचें मोठें बिछाईत. त्यास लघुत्वदर्शक 'चे' हा प्रत्यय लागला म्हणजे झालें 'कालीचे', अर्थात् लहान बिछाईत. तोच आमचा गालिचा. 'जाजीम' म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचें, लव नसलेलें सपाट विणकाम. 'खोर्जीन' म्हणजे जनावराच्या पाठीवर दोहों अंगांस लोंबणारी जोडपिशवी. मौज ही, कीं ज्या हातांनीं इराणांत या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या विणल्या, त्यांपैकीं पुष्कळांस भिंती व उंबरठा असलेलें घर ठाऊकच नव्हतें. घर नसलेल्या माणसांनीं जगाच्या घरांस शोभा आणिली. त्यांच्याविषयीं या खेपेस चार शब्द लिहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम मुलूख पाहूं. इराणच्या वायव्येकडून आग्नेयेकडे झाग्रोस पर्वताच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. आखाताच्या बाजूस सखल व उष्ण प्रदेश, तर वर डोंगरांत थंड कुरणें. हिंवाळ्यांत वरचीं कुरणें बर्फाखालीं जातात आणि उन्हाळ्यांत खालचा प्रदेश करपून निघतो. मेंढरें जगवावयाचीं तर वर्षांतून दोन वेळां मुक्काम हलविणें प्राप्तच आहे. खालच्या मुलखास 'गरमसीर' व वरच्यास 'सरदसीर' म्हणतात. यांतील 'गरम' म्हणजे आपला संस्कृत 'घर्म'. मेंढीस फारशींत 'मीश' म्हणतात तो आपला 'मेष'. उंटास 'शुतुर' म्हणतात तो 'उष्ट्र'. आणि घोड्यास 'अस्प' म्हणतात तो 'अश्व'. दोन्ही भाषा मूळ एका घराण्याच्या, हें समजण्यास याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

या वाटांनीं जाणाऱ्या टोळ्या मात्र एका भाषेच्या किंवा एका कुळाच्या नाहींत. शिराज शहराभोंवतालच्या फार्स प्रांतांत कश्काई आहेत. यांची बोली तुर्की वळणाची. त्यांच्या शेजारीं 'खमसा', म्हणजे 'पांच', या नांवाचा पांच टोळ्यांचा संघ. कश्काईंचें बळ तोलून धरावें या हेतूनें नासिरुद्दीन शहाच्या कारकिर्दींत, इ. स. १८६१-६२ च्या सुमारास, हा संघ उभा करण्यांत आला. त्यांच्या वायव्येस बख्तियारी व लूर, केरमानकडे अफशार, खोरासानांत बलुच व कुर्द, कास्पियन समुद्राच्या पूर्वेस तुर्कमेन आणि अझरबैजानच्या बाजूस शाहसेवन. जाणता मनुष्य गालिचा पाहून बहुधा टोळी सांगतो. जसा आपल्याकडे बोलणें ऐकून गांव ओळखतात तसा.

यांचें स्थलांतर म्हणजे दिशाहीन भटकणें असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. फ्रेडरिक बार्थ नांवाच्या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञानें १९५७-५८ सालीं खमसा संघांतील बासेरी टोळीबरोबर राहून तिचा अभ्यास केला व १९६१ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यानें दाखविलें कीं, प्रत्येक टोळीची वाट आणि त्या वाटेवरील प्रत्येक ठिकाणीं राहण्याची वेळ परंपरेनें ठरलेली असते. बासेरींचा हा पट्टा सुमारें ३०० मैल लांबीचा होता. या लोकांत धार्मिक विधि फार थोडे, हें पाहून तो प्रथम विचारांत पडला. मग त्यास वाटलें कीं, हें वर्षाचें चालणें हाच त्यांचा मुख्य विधि असावा. बख्तियारींचा असाच प्रवास १९२५ सालच्या 'ग्रास' या मूक चित्रपटांत पाहावयास मिळतो. कारून नदीच्या थंड लोंढ्यांतून फुगविलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवर बायकामुलें आणि करडें पार होतात, आणि पुढें झर्देकूह पर्वताचा बर्फ तुडवीत सारी टोळी वर चढते. पावसाळा सरल्यावर मेंढरें घेऊन कोंकणांत उतरणारे आणि पुढल्या पावसाच्या आधीं देशावर परतणारे आमचे धनगर ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें चित्र अगदींच परकें वाटणार नाहीं.

आतां अशा बिऱ्हाडांत सामान काय असावें? लांकडी पेटी जड, मडकें फुटणारें. तेव्हां जें जें ठेवावयाचें तें विणलेल्या वस्तूंत ठेवावयाचें. राहुटी शेळीच्या काळ्या केसांची, बायकांनींच विणलेली. पावसानें भिजली कीं तिचे धागे फुगतात व छिद्रें मिटतात. धान्याचीं पोतीं विणलेलीं, कपडे ठेवण्याच्या पिशव्या विणलेल्या, सामान आंवळण्याचे पट्टे विणलेले, भाकरी ज्यावर मांडावयाची तें 'सोफ्रे' विणलेलें. मिठाची पिशवी तर मुद्दाम पाहण्यासारखी: तळ रुंद आणि गळा अरुंद, म्हणजे मीठ सांडूं नये व मेंढीला त्यांत तोंड घालतां येऊं नये. आणि या सर्वांखालीं, खडे व ओल यांपासून अंग राखणारा गालिचा. आमच्या घरांत गालिचा हा जमिनीवरचा अलंकार आहे. त्यांच्या राहुटींत तीच जमीन आहे.

याचें विणकामही प्रवासाच्या सोयीनें ठरलेलें असतें. मेंढ्यांची लोंकर कातरणें आणि माग मांडणें हें पुरुषांचें काम; कांतणें, रंगविणें आणि विणणें हें बायकांचें. माग उभा नसून जमिनीवर आडवा असतो. दोन दांडे, चार मेखा, त्यांत ताणलेले लोंकरीचे धागे आणि ते वरखालीं करण्यासाठीं तिपाईवर टेकलेली एक काठी, एवढाच त्याचा संसार. विणणारी विणलेल्या भागावरच बसते व बसल्या ठिकाणाहून पुढें सरकते. माग रुंद करतां येत नाहीं, म्हणून टोळ्यांचे गालिचे बहुधा अरुंद व लांबट. मुक्काम हलला कीं मेखा उपटून अर्धवट गालिचा दांड्यांसकट गुंडाळावयाचा, उंटावर किंवा गाढवावर घालावयाचा आणि पुढल्या मुक्कामीं पुन्हां ताणावयाचा. पुन्हां ताणतांना ताण पूर्वीइतकाच राहील असें नाहीं. म्हणून पुष्कळ गालिच्यांच्या कडा कोठें आंत, कोठें बाहेर गेलेल्या दिसतात.

रंग वाटेवरच्या वनस्पतींचे. तांबडा रंग 'रूनास'च्या मुळांचा. ही आपल्या आयुर्वेदांतील मंजिष्ठेची सख्खी बहीण, कुळ एकच. निळा रंग निळीचा, जी व्यापाऱ्यांकडून विकत घ्यावयाची. डाळिंबाची साल, अक्रोडाचें टरफल, द्राक्षाचीं पानें हींही उपयोगीं पडतात. रंग लोंकरीवर बसावा म्हणून तुरटी. लहान भांड्यांत थोडथोडी लोंकर रंगवावी लागत असल्यामुळें दोन वेळचा रंग तंतोतंत जुळत नाहीं. त्यामुळें एकाच तांबड्या पृष्ठभागावर फिक्या व गडद लाटा उमटतात. यांस 'अब्रश' म्हणतात. नवशिक्या गिऱ्हाइकाला हा दोष वाटतो. जाणत्याची नजर आधीं तेथेंच जाते.

गांठींचें थोडें गणित आमच्या बालवाचकांकरितां देतों. ताण्याच्या दोन धाग्यांभोंवतीं रंगीत लोंकरीचा तुकडा गुंतवावयाचा, खालीं ओढावयाचा आणि कापावयाचा, ही एक गांठ. दोन्ही धाग्यांस सारखा वेढा दिला तर ती तुर्की गांठ; एकासच पुरा वेढा दिला तर ती फारशी. अशी एक ओळ झाली कीं आडवा बाणा घालून जड फणीनें ठोकावयाचें. समजा, गालिचा ४ फूट रुंद व ६ फूट लांब आहे आणि चौरस इंचास १०० गांठी आहेत. २४ चौरस फुटांचे ३,४५६ चौरस इंच होतात. म्हणजे गांठी झाल्या ३,४५,६००. दिवसास ६,००० गांठी धरल्या तर सुमारें ५८ दिवस. परंतु ही बाई दिवसभर मागावर कोठें असते? तिला दूध काढावयाचें, ताक घुसळावयाचें, पाणी आणावयाचें, भाकरी भाजावयाच्या, मूल पाहावयाचें आणि मुक्काम हलला तर राहुटी उतरावयाची. मधल्या चोरलेल्या घटकांतून गालिचा पुरा होतो, तोंवर महिने जातात. आमच्या घरांतील सुनांस व सासवांस हें गणित अधिक फोड करून सांगण्याची जरुरी नाहीं.

आतां नक्षी. शहरांतील कारखान्यांत चित्रकार कागदावर चौकटी आंखून नक्षी काढून देतो आणि विणकर ती गांठीगांठीनें उतरवितो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील प्रसिद्ध अर्दबिलचा गालिचा या मार्गाचा कळस होय. त्यावर हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, असा काळ विणलेला असून त्याची लांबी सुमारें साडेदहा मीटर आहे. १८९३ सालीं तो २,००० पौंडांस विकत घेण्यांत आला. टोळींतील बाईपुढें मात्र कागद नसतो. आईच्या शेजारीं बसून हातांनीं जें पाठ केलें तेंच तिचें पुस्तक. फार्समधील या विणकरणी एकच नक्षी दोन वेळां तंतोतंत उतरवूं शकत नाहींत, असें सांगतात. हें उणेपण नव्हे. वेदपाठ मुखोद्गत ठेवणाऱ्या परंपरेंत वाढलेल्या आम्हांस स्मृतीचें मोल कळावयास हवें. फरक एवढाच कीं, आमच्या पाठांत एक मात्राही हलतां कामा नये, आणि तिच्या पाठांत प्रत्येक वेळीं कांहीं तरी हललेंच पाहिजे.

व्यापारी एक गोष्ट सांगतात कीं, पूर्णत्व केवळ ईश्वराचें, म्हणून विणकर प्रत्येक गालिच्यांत जाणूनबुजून एक चूक ठेवतो. गोष्ट गोड आहे. परंतु वर सांगितलेलीं कारणें पाहतां तिची गरज उरत नाहीं. माग गुंडाळला गेला, रंग संपला, मूल रडलें, आईच्या जागीं मुलगी येऊन बसली. चुका आपोआप होतात, त्या मुद्दाम करण्याची कोणास सवड आहे?

नक्षींत काय असतें? फुलें, पक्षी, बकरे, कंगवे, मधोमध चौकोनी पदकें. फार्सच्या गालिच्यांवर सिंहही भेटतो, आणि तो असा कीं पाहून भीति न वाटतां हसूं यावें: टपोरे डोळे, माणसासारखें तोंड, लांब शेपूट. परवेझ तनावली या शिल्पकारानें असे सिंहाचे गालिचे हौसेनें जमवून जगापुढें मांडले. फार्सच्या रानांत एके काळीं खरे सिंह होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते नाहींसे झाले. त्याच जातीचे सिंह आज रानटी स्थितींत फक्त आपल्या सौराष्ट्रांतील गीरच्या प्रदेशांत उरले आहेत. म्हणजे फार्सची बाई आजही जो सिंह विणते, त्याचे जिवंत भाऊबंद पाहावयाचे तर तिला इकडे यावें लागेल.

ही कला किती जुनी? १९४९ सालीं रशियन पुराणवस्तुसंशोधक रुदेंको यास अल्ताई पर्वतांतील पाझिरिक येथें एका बर्फ गोठलेल्या थडग्यांत एक गालिचा सांपडला. तो इसवी सनापूर्वींच्या पांचव्या-चौथ्या शतकांतील असून सुमारें दोन मीटर लांब-रुंद आहे. त्याच्या कांठांवर घोडेस्वार व हरणें आहेत. बर्फामुळें त्याचे रंग टिकले. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. यावरून असें दिसतें कीं, त्या काळींच ही विद्या बाल्यावस्था ओलांडून पुष्कळ पुढें आलेली होती.

एवढी जुनी विद्या गेल्या दीडशें वर्षांत मात्र तीन वेळां धोक्यांत आली. पहिला धोका रंगांचा. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किननें कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला आणि थोड्याच दशकांत स्वस्त पुड्या इराणच्या बाजारांत येऊन पडल्या. उन्हानें फिके पडणारे व पाण्यानें पसरणारे हे रंग पाहून शहाच्या सरकारनें त्यांस बंदी केली; पण हातीं आलेला स्वस्त माल कोण सोडतो?

दुसरा धोका अधिक मोठा. रेझाशहानें १९३० नंतरच्या दशकांत टोळ्यांस जबरीनें एका जागीं बसविण्याचा उद्योग आरंभिला. फिरणें हें मागासलेपणाचें लक्षण, असा त्याचा समज. वाटा अडल्या, कुरणें तुटलीं, आणि जनावरें मोठ्या संख्येनें मेलीं. १९४१ सालीं तो पदच्युत झाल्यावर पुष्कळ टोळ्या पुन्हां वाटेला लागल्या. परंतु मोडलेलें सर्वच जुळलें नाहीं. पुढें १९६३ सालीं कुरणें सरकारच्या मालकीचीं झालीं. आज बहुतेक कुटुंबें गांवांत वा शहरांत स्थिरावलीं आहेत. जीं फिरतात, त्यांतील पुष्कळांचीं मेंढरें मालमोटारींतून जातात.

तिसरी गोष्ट आम्ही धोका म्हणावी कीं काय, याचाच आम्हांस निर्णय करतां येत नाहीं. कारण ती शाळा आहे. मोहम्मद बहमनबेगी हे १९२० सालीं कश्काई टोळींत जन्मले. रेझाशहाच्या राजवटींत घरच्यांबरोबर त्यांस तेहरानांत हद्दपारींत राहावें लागलें. तेथें शिकून ते कायद्याचे पदवीधर झाले. सरकारी नोकरींत सुखानें राहण्याऐवजीं त्यांनीं आपल्या लोकांसाठीं तंबूंतील शाळा काढिल्या. काळ्या राहुट्यांच्या तांड्यांत एक पांढरा तंबू दिसला कीं ती शाळा समजावी. टोळी निघाली कीं शाळाही निघावयाची. टोळींतीलच तरुणतरुणींस शिराज येथें शिकवून मास्तर नेमावयाचें. १९७३ सालीं युनेस्कोनें साक्षरताप्रसाराचें पारितोषिक देऊन त्यांचा गौरव केला. २०१० सालीं ते निवर्तले. ज्याचें आयुष्य खडू व फळा यांच्या संगतींत गेलें, त्यानें या माणसास दुरून नमस्कार करावा हेंच योग्य.

परंतु येथेंच प्रश्न उभा राहतो. पांढऱ्या तंबूंत बसलेली मुलगी त्या घटकाभर मागावर नसते. ती वाचूं लागली, पुढें शिराजला गेली, शिक्षिका किंवा सुईण झाली. तिचें कल्याण झालें, टोळीचेंही झालें. पण आईच्या शेजारीं बसून जें हातांनीं पाठ करावयाचें तें राहून गेलें. पुस्तक चुकलें तर पुन्हां छापतां येतें. हातचें ज्ञान एक पिढी तुटलें कीं त्याचा दुवा निखळतो. मग काय, मुलीस शाळेंतून काढून मागावर बसवावें? असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. लहानपणापासून वांकून बसल्यानें पाठ जाते, बारीक गांठींनीं डोळे जातात, आणि गालिचा विकला जाऊन पैसा येतो तो बहुधा तिच्या हातांत येत नाहीं. परक्या घरांत बसून तिच्या अज्ञानाचें कौतुक करणें सोपें आहे. पण आपल्या नातीस जें आम्ही सोसावयास लावणार नाहीं, तें दुसऱ्याच्या नातीनें कलेसाठीं सोसावें हा न्याय नव्हे.

आमच्या मतें चूक शाळेची नाहीं; चूक आहे ती अक्षरांस तेवढें ज्ञान म्हणण्याच्या आमच्या संवयीची. तीन लक्ष गांठींचा हिशेब डोक्यांत ठेवून, कागदावांचून, दोन्ही बाजू जुळवीत जाणारी बाई निरक्षर असेल. तिला अडाणी कोणी म्हणावें? तिची मुलगी शिकली आणि शिकूनही जर तिला विणण्याची इच्छा व त्याचें पुरतें मोल मिळालें, तर दोन्ही विद्या एका हातांत राहतील. मोल न मिळालें तर कोणत्याही उपदेशानें माग चालणार नाहीं. २०१० सालीं युनेस्कोनें फार्सच्या गालिचे विणण्याच्या कौशल्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशांत समावेश केला, हें चांगलें झालें. पण त्याच सालीं अमेरिकेनें इराणी गालिच्यांची आयात पुन्हां बंद केली. ही बंदी पूर्वीं १९८७ सालीं आली होती, २००० सालीं उठली होती. २०१० ची २०१६ सालीं उठली आणि २०१८ सालीं परत आली. सन्मानपत्र भिंतीवर राहतें. पोट बाजारावर चालतें.

ज्यांच्या घरीं असा एखादा गालिचा असेल त्यांच्याकरितां दोन सूचना. विकत घेतांना तो उलटा करून पाहावा. खरी गांठ पाठीवर नक्षीसकट स्पष्ट दिसते. दोनऐवजीं चार धाग्यांवर गांठ मारून श्रम वांचविण्याची एक लबाडी आहे, तिला 'जुफ्ती' म्हणतात. अशा ठिकाणीं लव विरळ होऊन लौकर झिजते. घरीं आणल्यावर धुण्याचा सोडा त्यास लावूं नये, लोंकर मरते. वर्षांतून निदान दोनदां उचलून पाठ वर करून थोडा वेळ उन्हांत टाकावा. अंधारांत व दडपून ठेवलेल्या लोंकरीस कसर लागते. फार वर्दळीची जागा असेल तर वर्षाकांठीं त्याचें तोंड फिरवावें, म्हणजे झीज सारखी होते.

आणि आणखी एक. अर्दबिलच्या गालिच्यावर करविणाराचें नांव व साल आहे. टोळीच्या गालिच्यावर बहुधा कांहींच नसतें. ज्या बाईनें तो केला तिचें नांव कोणी विचारिलें नाहीं. आमच्या घरांतही पणजीच्या हातची गोधडी, आजीच्या हातचें रुखवत, असें पुष्कळ कांहीं असतें, जें कोणीं केलें हें दोन पिढ्यांनीं कोणास सांगतां येत नाहीं. वाचकांनीं आजच घरांतील वडीलधाऱ्या बायकांस विचारून अशा वस्तूंच्या मागें एक कापडी पट्टी शिवावी व तीवर नांव आणि साल घालावें. त्यास अर्ध्या घटकेपेक्षां अधिक वेळ लागणार नाहीं.